खडकावरून गरवताना समुद्राकडे पाठ करू नका

कातळकाठ

गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. लिहू की नको या घोळात इतके दिवस गेले. मित्राला विचारलं, तो म्हणाला, "लिही, माझं नाव मात्र घालू नकोस." म्हणून लिहितोय.

आम्ही तिघं गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, पहाटे खडकावर पोचलो. आभाळ स्वच्छ, वाऱ्याची झुळूकही नाही. ओहोटी लागून तास झाला होता, त्यामुळे पाणी मागेच जाणार हे मनात पक्कं. पहिली वीसेक मिनिटं लाट आमच्या पायांच्या दोनेक मीटर खाली चुळचुळत होती. मित्र आमिष लावायला खाली बसला, समुद्राकडे पाठ करून. मी त्याच्या हातांकडे बघत होतो, कारण त्याच्या गळाची गाठ सुटत नव्हती. फुटणाऱ्या लाटेचा आवाज येतो ना, तसा काहीच आला नाही. पाणी नुसतं वर चढलं, गुडघ्याएवढं, आणि परत जाताना त्याला घेऊन गेलं. मी खडकाची कपार धरून उभा राहिलो. माझी पेटी, दोन रॉड, चपला, सगळं गेलं.

त्याने दोनदा खडकावर चढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा लाटेने वर आणलं आणि खडकाला चिकटलेल्या धारदार कालवांवरून (शिंपल्यांवरून) घासत खाली नेलं. तिसरा गडी आमच्यात सगळ्यात अनुभवी. तो ओरडत होता, "चढू नकोस, लांब जा, लांब जा!" हे ऐकून मित्र पाठीवर झाला आणि पाय मारत खडकापासून बाहेर सरकला. आम्ही आमिषाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन झाकण घट्ट लावून फेकला, तो त्याने छातीशी धरला. अर्ध्या तासाने एका होडीने उचललं. अंगात फोमचं लाइफ जॅकेट होतं, तेही त्या तिसऱ्याने निघताना जवळजवळ भांडून घालायला लावलेलं. तळव्यांवरच्या रेघा अजून दिसतात, सुरीने आखल्यासारख्या.

मला दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. इतक्या शांत दिवशी ती लाट आली कुठून? आणि ती आधी ओळखता आली असती का?

लांबलाट

कातळकाठदादा, मित्र सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या किनाऱ्यावर सापडणार नाही. ती लाट कदाचित हजारो किलोमीटर दूरच्या वादळात तयार झाली होती.

आपण वारा बघतो आणि समुद्र शांत आहे असं ठरवतो. पण वाऱ्याने तिथल्या तिथे उठलेली लाट आणि दुरून आलेली लांब लाट, म्हणजे स्वेल, या दोन वेगळ्या गोष्टी. १९६३ साली समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरात न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठिकाणं उभारली आणि अंटार्क्टिकाकडच्या वादळांमधून निघालेल्या लाटा थेट अलास्कापर्यंत टिपल्या. मधल्या वाटेत त्यांची ताकद फारच थोडी कमी होते. चौदा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा समूह खोल पाण्यात ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास सरकतो. म्हणजे तीन हजार किलोमीटरवरचं वादळ तीन दिवसांनी, लख्ख उन्हात, तुमच्या खडकावर येऊन पोचतं.

म्हणून अंदाज बघताना नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. दीड मीटर आणि ६ सेकंद हा एक समुद्र. दीड मीटर आणि १४ सेकंद हा वेगळाच, कारण त्या लाटेत पाण्याचा लोंढा कितीतरी लांब असतो आणि खडकाला लागला की तो वर चढत राहतो. तुम्ही लिहिलंय "पाणी नुसतं वर चढलं". अगदी हेच.

दुसरी गफलत उंचीच्या आकड्यात आहे. अंदाजात दिलेली उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. ती कमाल मर्यादा नव्हे. हजार लाटांमधली सगळ्यात मोठी लाट साधारण त्या आकड्याच्या पावणेदोन ते दोन पट निघते. चौदा सेकंदांना एक, म्हणजे चार तासांत हजारावर लाटा. तुम्ही सकाळभर उभे राहिलात तर ती एक तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता भरपूर. वीस मिनिटांत तुम्ही जेमतेम ८५ लाटा पाहिल्या होत्या.

कातळकाठ

८५. हा आकडा वाचून थांबलोच जरा. आणि ओहोटीचं? पाणी उतरतंय या भरवशावर आम्ही खाली गेलो होतो.

लांबलाट

ओहोटी लागून तासच झाला होता ना? पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. जिथे दिवसात दोन भरत्या येतात तिथे जुना ढोबळ हिशोब असा : सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक भाग, एकूण बारा. पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढंच पाणी जातं. तुम्ही जवळजवळ पूर्ण भरतीच्या पाण्याशी उभे होतात. त्यात अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण असेल तर पाणी जास्त वर चढलेलं असतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत चढ-उतार कमी.

आता ओळखायचं कसं. खडकाकडे बघा. ओला, काळपट, शेवाळ धरलेला पट्टा जिथे संपतो तिथवर पाणी नेहमी येतं. पण त्याच्या वर एखाद्या खळग्यात ताजं पाणी साचलेलं दिसलं, तर थोड्याच वेळापूर्वी तिथे लाट येऊन गेलीय. मी सामान न उघडता वरच अर्धा-पाऊण तास बसतो. नुसतं बघतो. हे कोणाला जमत नाही, कारण पहाटेचा तो पहिला तास मासे लागण्याचा असतो. मलाही दर वेळी जड जातं.

दोरखंड

मी तर कंबरेला दोरी बांधून दुसरं टोक वरच्या खडकाला अडकवतो. वाहून जायचा प्रश्नच नाही. हे कोणी का सांगत नाही?

सागरकन्या

दोरखंड, कृपा करून हे करू नका. कातळकाठ यांच्या मित्राचं काय झालं ते पुन्हा वाचा. तो वाचला कारण तो खडकापासून लांब जाऊ शकला. दोरीने बांधलेला माणूस नेमका तिथेच अडकतो जिथे प्रत्येक लाट त्याला आपटणार. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोंहून जड असतं. त्याच्या ओढीत ताणलेल्या दोरीची गाठ हाताने सुटत नाही. दोरी हवीच, पण ती टोकाला तरंगणारं काहीतरी बांधून, फेकायला.

लाइफ जॅकेटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे "मला पोहता येतं" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२३ च्या अहवालात नौकाविहाराच्या अपघातांत ५६४ मृत्यू आहेत. त्यातले चारात तीन बुडून. आणि बुडालेल्यांपैकी ज्यांची माहिती मिळाली त्यातल्या ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. पोहता येणं आणि कपडे, बूट, डोक्याला लागलेला मार यांच्यासकट लाटेत तरंगत राहणं यात फार अंतर आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ साली खास खडकावरच्या मासेमारीसाठी कायदा केला आणि जाहीर केलेल्या भागांत जॅकेट सक्तीचं केलं. तिथल्या कितीतरी खडकांवर बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगणारी कडी खांबाला लावून ठेवलेली असते.

खडकावर फोमचं जॅकेट घ्या. हवा भरून फुगणारं होडीवर सोयीचं, पण कालवांच्या धारेवर ते फाटू शकतं आणि आपोआप फुगणारं असेल तर नुसत्या तुषारांनीही फुगू शकतं. होडीवर तेच वापरत असाल तर गॅसची नळी घट्ट बसलीय का, गंजलीय का, हे निघण्याआधी काढून बघा. जॅकेटवर तरंगवण्याची ताकद सांगणारा न्यूटनचा आकडा असतो. ५० चं जॅकेट पोहणाऱ्याला मदत करतं, पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर धरून ठेवायला ते बनलेलंच नाही. उघड्या समुद्रात जायचं तर १५० चं पाहा. आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा. हा पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकून कानांशी येतं आणि माणूस त्यातून खाली घसरतो. माझ्या भावाचं असंच झालं होतं, कमरेएवढ्या पाण्यात सराव करताना. तिथे हसण्यावारी गेलं. बाहेर गेलं नसतं.

थंड पाण्यात मासेमारी करणाऱ्यांसाठी एवढंच : पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात नसतो, धाप लागते. त्या मिनिटात पोहू नका. तोंड वर ठेवून तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग काय ते ठरवा. साधारण १५ अंशांखालच्या पाण्यात हे फार जोरात होतं.

दोरखंड

सागरकन्याताई, पटलं. दोरीच्या टोकाला आता बंद कॅन बांधतो.

एक विचारू? समोर माणूस बुडताना दिसत असताना दोरी फेकून काठावर उभं राहायचं, हे होतं का कोणाच्याने?

कातळकाठ

माझ्याने झालं, कारण तिसऱ्याने माझी कॉलर धरून ठेवली होती. मी उडी मारणारच होतो. मारली असती तर होडीवाल्यांना दोघांना शोधावं लागलं असतं, आणि कॅन फेकायला हात एक कमी झाला असता. कॅनच्या तळाशी बोटभर पाणी ठेवलं होतं, नाहीतर वाऱ्याने तो भलतीकडे जातो. ही युक्ती त्याचीच.

नाळेवरचा

मी खडकावर जात नाही, छोट्या होडीतून गरवतो. त्या बाजूचं थोडं.

एकटा होतो. गळाला मोठा मासा, होडी हळू चालू, मी वळलो आणि लाटेच्या हिसक्याने पाण्यात. इंजिन चालूच. सुकाणू सोडलं की होडी सरळ जात नाही, वळते, गोल फिरून त्याच जागी परत येते. इंजिनाचा पंखा पाणी कापत येताना खालून ऐकू येतो, तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. दोनदा बुडी मारून चुकवला. तिसऱ्या फेरीला होडी लाटेने बाजूला ढकलली आणि ती दूर गेली. दोन तासांनी दुसऱ्यांनी मला आणि तिला शोधलं.

तेव्हापासून माणूस पडताच हिसक्याने इंजिन बंद करणारी लाल दोरी मांडीला अडकवल्याशिवाय इंजिन चालूच करत नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बहुतेक होड्यांना ती वापरणं कायद्याने बंधनकारक आहे. दोरी जवळजवळ प्रत्येक इंजिनाबरोबर येते, आणि जवळजवळ प्रत्येक होडीत ती किल्लीला गुंडाळून ठेवलेली मी पाहिलीय.

नांगर कधीही मागच्या बाजूने टाकू नका. मागची बाजू बुटकी, इंजिनाचं वजन तिथेच, लाट सरळ आत येते. नांगर पुढच्या टोकाला. होडी उलटली तर पोहत किनारा गाठायला निघू नका, होडीला धरून राहा. शोधणाऱ्याला पाण्यातलं डोकं दिसत नाही, उलटी होडी दिसते.

आणि मोबाइलच्या भरवशावर आत जाऊ नका. व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटाच्या हाकेसाठी आहे. "मेडे" तीनदा, होडीचं नाव, जागा, काय झालं, किती माणसं. या क्रमाने घरी मोठ्याने म्हणून सराव करा. जागा लवकर सांगा, कारण रेडिओ मध्येच बंद पडला तरी तेवढी हाती राहते. फार आत जाणाऱ्यांनी ४०६ मेगाहर्ट्झचा उपग्रहाशी बोलणारा बीकन घ्यावा आणि तो नोंदवावा.

कल्ला

सगळं वाचलं. मनापासून पटलं. आता मला माशाबद्दल लिहायचंय, कारण आपण माणूस जिवंत परत आणायचं बोलतोय आणि ज्याला आपण "सोडून दिला" म्हणतो तो मासा कित्येकदा परत पोचतच नाही.

खोल पाण्यातून हेकरू (ग्रूपर मासा) वर आणलेला पाहिलाय? डोळे बाहेर आलेले, तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर. वर येताना दाब उतरतो आणि त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. लोक तो फुगा सुईने टोचतात. तो फुगा हवेची पिशवी नाही, उलटं होऊन बाहेर आलेलं जठर आहे. ते टोचून मासा मारतो आपण, आणि सोडल्याचं समाधान घेतो. सोडला की तो पोट वर करून तरंगत राहतो, खाली जाऊच शकत नाही, आणि पक्षी डोळे टोचतात.

उपाय साधा आहे. त्याला ओढून परत खोल न्यायचं. ओठाला चिमट्याने पकडून वजनाने खाली नेणारं उपकरण मिळतं. ते नसेल तर खाली वजन बांधलेली प्लास्टिकची जाळीदार क्रेट उलटी धरून, मासा तिच्याखाली ठेवून दोरीने सोडायची. दाब परत वाढला की पिशवी आकसते, मासा खालून निघून जातो. मेक्सिकोच्या आखातातल्या खडकाळ भागातले मासे धरणाऱ्यांनी असं उपकरण किंवा हवेच्या पिशवीतली हवा काढायची सुई तयार ठेवलीच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात संसदेने मंजूर केला. सुई मात्र शिकलेल्या हातानेच वापरावी.

बाकी हाताळणी : कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की जंतू आत शिरतात. कल्ल्यात बोटं घालू नका. मोठा मासा नुसत्या जबड्याला उभा लटकवून फोटो काढू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. गळ घशात खोल गेला असेल तर उपसू नका, तंगूस (गळाची दोरी) जवळून कापा. म्हणूनच गोल वळणाचे गळ वापरा, ते बहुतेकदा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतात. फक्त झटका मारायचा नाही, सावकाश ताण द्यायचा. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. आणि स्टेनलेस गळ नको, तो माशाच्या तोंडात गंजून सुटत नाही.

निवांत_गरी

कल्लादादा, आदर ठेवून विरोध नोंदवते. परत सोडायचा तर पकडता कशाला? माझ्या आजोबांची शिकवण, लागेल तेवढा धरायचा, धरला तो घरी न्यायचा आणि उठायचं. एका माशाला वेदना देऊन फोटो काढणं मला पटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्या इराद्यानेच मासेमारी करायला मनाई आहे, ती उगीच नाही.

कल्ला

ताई, तुमच्या आजोबांचं म्हणणं मला मान्य आहे, मीही बहुतेक दिवशी दोन मासे धरून उठतो. पण एकही मासा न सोडता गरवणं शक्य नाही, कारण गळाला काय लागेल हे आपल्या हातात नसतं. लहान लागतो, अंडी भरलेली मादी लागते, बंदी असलेली जात लागते. ते मासे जिवंत जावेत एवढंच मी म्हणतोय.

आणि मोठ्या माशाचं. आपल्याला वाटतं, लहान सोडावा, मोठा न्यावा. २०१८ साली शास्त्रज्ञांनी शेकडो जातींच्या माशांची अंडी मोजून प्रसिद्ध केलं की ३० किलोची एक कॉड मादी जेवढी अंडी देते तेवढी दोन किलोच्या २८ माद्या मिळून देतात. त्या २८ माद्यांचं वजन ५६ किलो भरतं. म्हणजे अंडी वजनाच्या हिशोबाने वाढत नाहीत, त्याहून जास्त वेगाने वाढतात. जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. सगळे मोठे जिताडे नेले तर अंडी घालणारं कोण उरलं? हेकरूचं बरोबर उलटं, आधी मादी, मग नर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये जिताड्याला ५८ सेंटिमीटरची खालची आणि १२० ची वरची मर्यादा आहे ती यासाठी. आपल्या भागात नियम काय आहे ते बघावंच, पण नियम नसला तरी सगळ्यात मोठी मादी मी सोडतो.

निवांत_गरी

मोठी सोडायची हे मला कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. विचार करते. फोटोवरचं माझं मत तेच आहे.

मी एक गोष्ट जोडते. तंगूस. मागे एका खडकाच्या कपारीत पाणकावळा उलटा लटकलेला दिसला. तुटून राहिलेली तंगूस त्याच्या पायाला तीन वेढे घेऊन खडकात गुंतली होती. पायाचं कातडं सोलून पांढरं दिसत होतं. डोक्यावर रुमाल टाकला तेव्हा तो शांत झाला, मग दोघींनी मिळून कात्रीने एकेक वेढा कापला. उडाला, पण पाय लोंबतच होता. आता प्रत्येक वेळी येताना मी एक डबी आणते, स्वतःची आणि दुसऱ्यांनी टाकलेली तंगूस त्यात भरते. वीतभर तुकडे करूनच कचऱ्यात टाकायची, अखंड गुंडाळी नाही. शिशाची वजनंही खडकात सोडून येऊ नका. ब्रिटनमध्ये हंस शिसं गिळून मरायला लागले तेव्हा १९८७ साली बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली.

नाळेवरचा

घाईत दोन गोष्टी. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, पाखट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होतो. तरीही काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि डॉक्टरकडे जा. छाती-पोटाला लागला असेल तर काटा ओढू नका. केंड (अंग फुगवणारा विषारी मासा) गळाला लागला तर सोडून द्या, त्याचं विष शिजवून जात नाही. आणि विजा दिसल्या की रॉड आधी खाली. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो.

कातळकाठ

काल परत गेलो. तिघंही. मित्र स्वतःहून म्हणाला.

वर बसलो, सामान बांधलेलंच. अंदाज सव्वा मीटर, १३ सेकंद. ओहोटी लागून तीन तास झाले होते. मी लाटा मोजत होतो, मित्र घड्याळ बघत होता. पस्तीस मिनिटं काही नाही. एकेचाळिसाव्या मिनिटाला तसंच झालं, आवाज न करता पाणी चढलं आणि आम्ही ज्या जागी उभं राहायचं ठरवलं होतं तिथला खळगा भरून गेलं. मित्र काही बोलला नाही. मीही नाही. उठलो आणि आतल्या बाजूच्या, आडोशाच्या कातळावर गेलो.

दोन तासांत एक लहान हेकरू. उथळ पाण्यातला, त्यामुळे पोट-डोळे ठीक होते. उलटा काटा आधीच दाबलेला, गळ दोन सेकंदांत निघाला. ओल्या हातांनी मित्राने त्याला पाण्याखाली धरलं. शेपटी हलली, हात सोडला. त्याचे तळवे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.

सागरकन्याताई, त्याच्या जॅकेटला मांडीचा पट्टा नाहीये. तो वेगळा घेऊन शिवून घेतला तर चालतो का, की शिवणीने जॅकेट कमजोर होतं?

सागरकन्या

जॅकेटला सुई लावू नका, बाहेरचं कापड आणि पट्ट्यांची शिवण दोन्ही बिघडतात. कमरेच्या पट्ट्यात ओवून घ्यायचे सुटे पट्टे मिळतात, ते घ्या. मग कमरेएवढ्या शांत पाण्यात उतरून, दोघांनी खांद्यांवरून जॅकेट वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत आलं तर पट्टा अजून आवळायचाय.